वधूपक्षाच्या शकूताई

कुठल्याही नाट्यगृहात पोहोचलो की आम्ही वाद्यं घेऊन रंगमंचाकडे धावायचो आणि शकूताई धावायच्या स्वच्छतागृहाकडे. नळ सोडून बघायच्या, दाराची कडी लागते का ते बघायच्या, दिवा लावून बघायच्या. मग पदराला हात पुसत बाहेर येऊन संयोजकाला सांगायच्या, "पाणी न्हाई. पाणी आलं की पोरं स्टेजवर चढतील." संयोजक गडबडीत असे. तो म्हणे, "अहो ताई, आधी माईक तरी तपासून घेऊ." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "ज्यानं नळ बघितला न्हाई, त्यानं माईक कुठला बघितलाय?" आणि खरोखरच, जिथे नळ कोरडा असे तिथे माईकही दुसऱ्या गाण्याला दगा देई.

शकूताई आमच्या बँडच्या मॅनेजर होत्या. बँड म्हणजे मी आणि माझे तीन मित्र. मी मराठी गाणी लिहायचो आणि गिटार घेऊन गायचो. निनाद ड्रम वाजवायचा, बाकी दोघे साथीला. आमच्यामागे ना कुठली कंपनी होती ना सिनेमा. असल्या बँडचा मॅनेजर म्हटलं की कानात यंत्र खोचून इंग्रजीत बोलणारा कुणी तरुण लोकांच्या डोळ्यांसमोर येतो. आमच्या मॅनेजरबाई पन्नाशीच्या होत्या. अंगावर सुती साडी, पायांत पांढरे बूट आणि खांद्याला एक भली मोठी पर्स. तिच्यात सेफ्टी पिनांपासून गिटारच्या तारांपर्यंत काहीही सापडे.

पुण्यात बिबवेवाडीला त्यांच्या सासरची शेती होती. शेतांवर इमारती उभ्या राहिल्या तेव्हा सासऱ्यांनी एक तुकडा राखून ठेवला आणि त्यावर मंगल कार्यालय बांधलं. सासरे गेल्यावर ते चालवायला घरातलं दुसरं कुणी पुढे आलं नाही, म्हणून शकूताईंनी ते हाती घेतलं. मुहूर्त नसलेल्या महिन्यांत कार्यालय रिकामं असे. त्या दिवसांत आम्ही वरचा जेवणाचा हॉल सरावासाठी घेतला होता. एका दुपारी त्या जिना चढून वर आल्या आणि दारात उभ्या राहून विचारलं, "रोज एकच गाणं का वाजवताय?"

"परवा एका कॉलेजात कार्यक्रम आहे," मी म्हणालो.

"किती वाजता?"

निनाद म्हणाला पाच, मी म्हणालो सात. त्यांनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं.

"जाणार कशात? एवढे ड्रम उचलणार कोण? जेवायचं काय?"

निनाद ड्रम मोजू लागला. त्या म्हणाल्या, "म्हणजे नवरदेव हाय, वाजंत्री हाय, पण वऱ्हाडाची गाडी कुणी सांगितलीच न्हाई. परवा मी येते."

त्या आल्या, आणि मग पुढची कित्येक वर्षं येतच राहिल्या. मॅनेजर हा शब्द आम्ही वापरला तो फार उशिरा, कार्यक्रमाच्या एका पत्रिकेवर त्यांचं नाव छापायचं होतं तेव्हा. त्यांना तो विशेष आवडला नाही.

त्यांच्या लेखी जगाचे दोन भाग होते, मुलीकडचे आणि मुलाकडचे. संयोजक म्हणजे मुलाकडचे. त्यांचा मान ठेवायचा. आपण मुलीकडचे. "पण मुलीकडचे म्हणून मान खाली घालायची न्हाई," त्या आम्हाला बजावायच्या. "मुलगी आपली हाय. ती नसेल तर यांचं लग्न लागतंय का?" एकदा नाशिकच्या एका संयोजकाने कार्यक्रम ठरल्यावर फोन केला आणि म्हणाला, मराठी गाणी कमी करा, चार हिंदी सिनेमातली घ्या, लोकांना तीच आवडतात. शकूताई तेव्हा मार्केट यार्डात कार्यालयासाठी झेंडू निवडत होत्या आणि मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून आलो होतो. फोन कान आणि खांद्यामध्ये धरून, फुलांवरची नजर न काढता त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, तुम्ही मुलगी बघून गेलात, पसंत केलीत, साखरपुडा झाला. आता मांडवात येऊन नवरी बदलून मागू नये." कार्यक्रम आमच्याच गाण्यांचा झाला. नंतर त्याच संयोजकाने आम्हाला पुन्हा बोलावलं.

त्यांचा दिवस कसा जाई हे मी जवळून पाहिलं आहे. सकाळी मार्केट यार्डातून फुलं आणि भाजी. तिथून कार्यालय, आचाऱ्याशी वाद, मुलीच्या मामाची समजूत. लग्न लागलं की पहिली पंगत बसेपर्यंत आमचे फोन. कुणाला नगरला गाडी हवी, कुणाच्या पोस्टरवर माझं नाव चुकलेलं, कुठे ध्वनिक्षेपकाचा परवाना अडकलेला. दुपारी बुधवार पेठेत जाऊन वायरी दुरुस्त करून घ्यायच्या, संध्याकाळी कार्यक्रम. विंगेत त्या कधी बसल्याचं मला आठवत नाही. "दमत नाही का ताई?" असं निनादने विचारलं की म्हणायच्या, "दमते की. पण घरी बसून जास्त दमते."

माझे वडील शाळामास्तर, नारायण पेठेतले. गाण्याने पोट भरतं यावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि गाण्याला मॅनेजर लागतो यावर तर मुळीच नाही. शकूताई पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा वडिलांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "मॅनेजर बँकेत असतो एवढं ठाऊक होतं. आपण नक्की काय करता?"

"बँकेतला मॅनेजर लोकांना उद्या या म्हणतो," शकूताई म्हणाल्या. "मी लोकांना आज या म्हणते."

वडील आत जाऊन आईला म्हणाले, "चहा दे. बरा दे."

मग पुण्यात आमचा पहिला तिकिटाचा मोठा कार्यक्रम ठरला. तोवर आम्ही महोत्सवांत, कॉलेजांत, दुसऱ्यांच्या बोलावण्यावर गायलो होतो. हा कार्यक्रम फक्त आमचा, पूर्ण आमच्या गाण्यांचा. चांगल्या नाट्यगृहाची रविवारची तारीख मिळणं म्हणजे काय असतं ते पुणेकरांना सांगायला नको. शकूताईंनी त्या तारखेसाठी कितीतरी महिने खेटे घातले होते. तिकिटं संपली. आणि कार्यक्रमाच्या आठवड्यात माझा आवाज गेला.

आधी खरखर होती, मी दुर्लक्ष केलं. एका सकाळी उठलो तर तोंडातून नुसती हवा. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि सांगितलं, स्वरतंतूंवर गाठ आली आहे. बोलणं पूर्ण बंद, निदान महिनाभर. गाणं त्यानंतर बघू. मी खुणेने आणि कागदावर लिहून विचारलं, रविवारपुरतं काही करता येईल का? ते म्हणाले, इंजेक्शन असतं, त्याने दोन तास निभावता येतील. पण ताण पडून तंतूंना कायमची इजा झाली तर मी काही करू शकणार नाही.

मला दोन तास पुरेसे होते. मी तसं लिहिलं. शकूताईंनी कागद वाचला, घडी घालून पर्समध्ये टाकला आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "इंजेक्शन नको."

बाहेर जिन्यात मी त्यांच्यापुढे हात जोडले. रडलोही. त्या पायरीवर बसल्या, मला शेजारी बसवलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "लग्न पुढं ढकलता येतं रे. लोक दोन दिवस बोलतात, मग गप बसतात. नवरीलाच काही झालं, तर पुढं कितीही मुहूर्त असू देत, काय उपयोग?"

कार्यक्रम रद्द झाला. फोन करता येतील तेवढ्यांना आम्ही केले, पण सगळ्यांचे नंबर नव्हते. म्हणून रविवारी संध्याकाळी शकूताई नाट्यगृहाच्या फाटकात उभ्या राहिल्या. शेजारी तिकिटांचे पैसे परत द्यायला निनाद, टेबलावर चहाचं मोठं पिंप. मी रस्त्यापलीकडे रिक्षात बसलो होतो. यायचं नाही असं त्यांनी बजावूनही आलो होतो. येणाऱ्या प्रत्येकाला त्या स्वतः नमस्कार करून सांगत होत्या, "गायकाचा घसा गेलाय. आज गाणं न्हाई. तुम्हाला हेलपाटा झाला, माफ करा. चहा घेऊन जा." एक वयस्कर गृहस्थ चांगलेच तापले. आम्ही कोथरूडहून आलो, आमचा वेळ गेला त्याचं काय, असं मोठ्याने विचारू लागले. शकूताई म्हणाल्या, "गेला. तो मी परत देऊ शकत न्हाई." गृहस्थ टेबलापाशी गेले. मग चहा घेतला, एक घोट पिऊन म्हणाले, "साखर जास्त आहे." आणि जाता जाता वळून विचारलं, "मुलगा बरा होईल ना पण?"

ते वाक्य निनादने मला नंतर सांगितलं. त्या महिन्यात मी ते पुष्कळदा आठवलं.

घरी बसलो तर मी बोलणार, हे शकूताईंनी ओळखलं होतं. त्यांनी मला शाळेतल्या पोरांसारखी पाटी आणि पेन्सिल आणून दिली आणि कार्यालयात कामाला लावलं. लग्नसराई जोरात होती. मी दारात उभा राहून पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडायचो, अक्षता वाटायचो, हसायचो. कुणी काही विचारलं की पाटीवर लिहायचो, "जेवण वरच्या मजल्यावर." मी मुका आहे असंच सगळ्यांना वाटे. एका आजींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. एका लग्नात तर मुलीच्या मावशीने शकूताईंकडे माझी चौकशी केली. शकूताईंनी चेहरा गंभीर ठेवून मला सांगितलं, "स्थळ चांगलं हाय. म्हणतात, मुलगा बोलत न्हाई हे तर उत्तमच." मला इतकं हसू आलं की तोंड दाबून मी भटारखान्यात पळालो.

त्या दिवसांत भीती वाटली नाही असं नाही. रात्री अंथरुणावर पडलो की घशाकडेच लक्ष जाई. पण सकाळी शेकडो माणसांचं स्वागत करायचं असे, आणि माणसं आनंदात असत. दुसऱ्याच्या आनंदात उभं राहिलं की स्वतःच्या दुःखाला फारशी जागा उरत नाही. शकूताईंनी हे ठरवून केलं का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर म्हणाल्या असत्या, "माणूस कमी होता म्हणून उभं केलं."

महिना उलटून गेल्यावर डॉक्टरांनी हळूहळू गायला परवानगी दिली. कार्यालयाच्या रिकाम्या हॉलमध्ये मी एक साधं गाणं म्हणून पाहिलं. खालचे सूर आले, आधीपेक्षा जाड. वरच्या सुरांना गेलो आणि आवाज फाटला. पुन्हा गेलो, पुन्हा फाटला. निनाद ड्रमच्या काठ्या मांडीवर ठेवून खाली बघत बसला. शकूताई दारात होत्या. त्यांना सुरांची पट्टी कळत नव्हती, पण माणसाचं तोंड कळत होतं.

"खालून म्हण," त्या म्हणाल्या.

"ताई, ही गाणी वरच्या पट्टीतली आहेत."

"गाणी तुझीच हायत ना? मग त्यांना खाली आण."

आम्ही एकेक गाणं खाली आणलं. काही बिघडली आणि सोडून द्यावी लागली. काही मात्र अशी बदलली की ती आधी वर का गात होतो हेच कळेना. पुढच्या मोसमात त्याच नाट्यगृहात कार्यक्रम झाला. फाटकात चहाचं पिंप नव्हतं आणि मी पूर्ण दोन तास गायलो. आजही लोक माझ्या आवाजाला भारदस्त वगैरे म्हणतात, तो हाच उरलेला आवाज.

काही वर्षांनी शकूताईंचे गुडघे कुरकुरू लागले आणि बूटही उपयोगी पडेनात. आमचे कार्यक्रम तोवर परगावी, परराज्यांत होऊ लागले होते. एक दिवस त्या स्वतःच तन्वी नावाच्या एका हुशार मुलीला घेऊन सरावाला आल्या. तन्वी एका कचेरीत संगीत महोत्सवांचंच काम करत होती. "ही आता बघेल," त्या म्हणाल्या. आम्ही वाद घातला. त्यांनी तो संपू दिला, मग तन्वीला बाजूला घेऊन आमच्यासमोरच सांगायला लागल्या. याला कार्यक्रमाच्या दिवशी दही देऊ नको. निनादला वेळ एक तास आधीची सांग. गाणं चांगलं झालं तर लगेच सांगू नको, दुसऱ्या दिवशी सांग, म्हणजे खरं वाटतं. तन्वी मोबाइलवर टिपून घेत होती. तिचेही डोळे भरले होते, शकूताईंचे मात्र कोरडे. पाठवणीला त्या आयुष्यभर सरावलेल्या होत्या.

तन्वीने सांभाळलेल्या पुण्यातल्या पहिल्या कार्यक्रमाला शकूताई पाहुण्या म्हणून आल्या. तिसऱ्या रांगेत मधोमध बसल्या, शेजारी माझे वडील. पहिली दोन-तीन गाणी त्यांची चुळबूळ चालली होती. दिवा हलला की त्या वर बघत, दार वाजलं की मागे बघत. मग कधीतरी त्या टेकून बसल्या.

कार्यक्रम संपल्यावर आत आल्या. तन्वीला जवळ घेतलं, निनादच्या पाठीवर थाप मारली आणि माझ्यासमोरच्या खुर्चीत बसल्या.

"ते शेवटून दुसरं गाणं," त्या म्हणाल्या, "आईच्या हातांचं. ते नवीन हाय का?"

मी म्हणालो, "ताई, ते आपण पहिल्या वर्षापासून गातोय. प्रत्येक कार्यक्रमात."

"मग मी कसं ऐकलं न्हाई?" त्यांनी विचार केला आणि मग त्यांचं त्यांनाच उमगलं. "त्या टायमाला मी गाडी दाराशी लावून घ्यायला बाहेर जायचे."

त्यांनी पर्स खाली ठेवली, पदर सारखा केला आणि मला म्हणाल्या, "मला घाई न्हाई आज. म्हण की परत."

मी गिटार पुन्हा पेटीतून काढली.