दाजींचा पहिला घास

आमच्या दाजींच्या घरी गेल्या तीन वर्षांत एकाही माणसाने गरम भाकरी खाल्लेली नाही, हे मी देवाशपथ सांगतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. फौजेतून निवृत्त होऊन कुंडलला आले, थोडा ऊस लावला, एका मोठ्या आजारातून उठले आणि मग त्यांच्या हातात मोबाइल आला. तेव्हापासून ते जेवणाचे व्हिडिओ काढतात. भाकरी तव्यावर फुगली की आधी तिचा फुगतानाचा व्हिडिओ, मग मोडतानाचा, मग नुसत्या मोडण्याच्या आवाजाचा. भुकेल्या माणसाने तोवर पाणी पिऊन बसावं. मी मलकापूरहून महिन्यातून एखाद्या रविवारी जातो, तो हल्ली घरूनच दोन घास खाऊन निघतो. थकलो बुवा.

घरात गॅस आहे, स्वयंपाक त्यावरच होतो. पण बघणाऱ्यांना चुलीवरचं लागतं, म्हणून दाजींनी परड्यात चूल घातली. आक्का बिचारी गॅसवर केलेला रस्सा गाडग्यात ओतते आणि डोळ्यांत धूर घेत त्या चुलीपुढे बसते. मध्यंतरी वरून काढलेल्या ताटांची टूम होती, तेव्हा दाजी शिडीवर चढून "सावधान!" ओरडायचे आणि आम्ही खाली हात आखडून बसायचो. एकदा त्यांचा चष्माच आमटीत पडला. तोही व्हिडिओ त्यांनी टाकला. आता खाणाऱ्याचं तोंड दाखवायची टूम आली आहे, आणि तिथे माझा खरा जीव जातो. पहिला घास तोंडात गेला की मोबाइल नाकाला टेकतो. "पावणं, गिळू नगा! आधी सांगा, कसं लागतंय?" भारी, म्हटलं की भागत नाही. "भारी म्हंजी कसं? खोबरं लागतंय का? तिखट कवा लागतंय, आदी का मागनं?" अहो, मी साधा कारकून. एवढी चौकशी माझ्या साहेबानेही कधी केली नाही.

आक्काचं दुखणं वेगळंच होतं. एकदा भांडी घासता घासता ती म्हणाली, "जगाला दावत्यात रं माझा सैपाक. पर सोता कवा म्हणलं न्हाईत, आज चांगलं झालंय. पैलं सुट्टीवर आलं की रस्सा मागून मागून घ्यायचं. आता ताटात काय बी वाढ, गप खात्यात. माझ्या हातचं नकोसं झालंय त्यास्नी." मी आपली काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण परतताना एसटीत तिचं बोलणं डोक्यातून जाईना.

यंदा ऐन जत्रेत आक्का तापाने अंथरुणाला खिळली. जत्रेचं मटण म्हणजे पावण्यारावळ्यांची पंगत, ती चुकवून चालत नाही. "मी हाय की!" म्हणत दाजी स्वतःच पातेल्यापाशी उभे राहिले. पंगत बसली. म्हाताऱ्या पावण्यांच्या तोंडापुढे मोबाइल धरणं त्यांनाही बरं दिसेना, म्हणून त्यांनी तो स्वतःकडे वळवला, रश्शात बुडवलेला घास तोंडात घातला, डोळे मिटले आणि म्हणाले, "एक नंबर!" मग आम्ही घास घेतला. मीठ एवढं, की शेजारच्या मामांच्या डोळ्यांतून टचकन पाणी आलं. पण जत्रेच्या पंगतीत घरधन्याच्या रश्शाला नाव ठेवायचं नसतं. सगळी पंगत माना खाली घालून, रस्सा भाताखाली लपवत जेवत होती. आणि दाजी आपली दुसरी वाटी सावकाश पीत होते.

पंगत उठल्यावर मी त्यांना परड्यात नेलं. "दाजी, मीठ किती घातलंत?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मोबाइल खिशात घातला. "तीन वर्सं झाली, पावणं. त्यो मोठा ताप आलता नव्हं, तवापासनं काय बी लागत न्हाई. गोड न्हाई, तिखट न्हाई, वास बी न्हाई. तुमची तोंडं बघतो, तवा कळतं तुमच्या आक्कानं आज काय केलंय. आज कुणी तोंडच वर करंना."

"मग तिला का नाही सांगितलंत?"

"कसं सांगू? माझ्यासाठी जीव तोडून करती. तिला कळलं, तर मग कुणासाठी करंल?"

मला त्या माणसाचा राग आला आणि त्याच वेळी वाईटही वाटलं. शेवटी मीच आत जाऊन आक्काला सगळं सांगितलं. ती अंथरुणात उठून बसली. दाजी दारात उभे राहून नखाने चौकट खरवडत होते. "आवं, तीन वर्सं मी आतल्या आत रडतीया," ती म्हणाली, "आन तुमी..."

तिचा ताप उतरल्यावर मी पुन्हा गेलो. एरवी सगळ्यांचं झाल्यावर जेवणारी आक्का त्या दिवशी दाजींच्या शेजारी ताट घेऊन बसली होती. "हे वांगं," ती सांगत होती, "कूट जरा जास्त पडलाय, म्हणून गोडसर लागतंय. मीठ बेताचंच हाय." दाजी हळूहळू चावत ऐकत होते.

"आन कांदा?" त्यांनी विचारलं.

तिने कांद्याची फोड तोडून तोंडात टाकली, थोडा वेळ चावली. "ग्वाड हाय," ती म्हणाली, आणि उरलेली अर्धी त्यांच्या ताटात ठेवली.