शेंदराच्या आतला चेहरा

नोकरीतल्या पुष्कळ केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कुठल्या घरफोडीतलं गंठण कुठल्या बाईचं होतं, हे विचारलंत तर मला सांगता यायचं नाही. पण पुण्याजवळ चऱ्होलीच्या बाजूच्या एका गावातली देवी चोरीला गेली होती, ती केस मात्र कधीही विचारा. गावाचं नाव घेत नाही, माणसांचीही घेत नाही. त्यांना अजून तिथंच राहायचं आहे.

मी शिपाई म्हणून भरती झाले आणि खात्याच्या परीक्षा देत उपनिरीक्षक झाले. लिहायला मला कुणी शिकवलं नाही, स्टेशन डायरी लिहून हात वळला तेवढाच. म्हणून बोलते तसंच लिहिते, चालवून घ्या.

सकाळची हजेरी चालू होती आणि गावातली माणसं ठाण्याच्या दारात येऊन उभी राहिली. ठाणे अंमलदारानं विचारलं तेव्हा एकजण म्हणाला, "देवी न्हाई जाग्यावर."

जाऊन पाहिलं. चारी बाजूंनी नव्या सोसायट्यांचे टॉवर, आणि मध्ये वाटीएवढं दगडी देऊळ. गाभारा रिकामा. कुलूप फोडलेलं नव्हतं, उघडून पुन्हा लावलेलं होतं. मूर्ती हातभर उंचीची. तिच्या गळ्यातली जुनी सोन्याच्या पुतळ्यांची माळ आणि नथ, तीही गेली होती. पंचनामा केला, ठसेवाले आले, श्वानपथक आलं. कुत्रं देवळाला दोन फेऱ्या मारून रस्त्याला लागलं आणि डांबरावर थांबलं. म्हणजे देवी गाडीतून गेली, एवढंच कळलं.

फोटो मागितला तर गावानं ढीगभर फोटो दिले. जत्रेतले, लग्नातले, मोबाइलमधले. सगळ्यांत एकच दिसत होतं: शेंदराचा एक तांबडा गोळा, त्यात चांदीचे दोन डोळे, नाकाच्या जागी खोवलेली नथ आणि माळ. पिढ्यान् पिढ्या शेंदूर आणि तेल चढवून देवीवर जाड थर बसला होता. अशा थराला खोळ म्हणतात. कधीकधी ती आपोआप गळून पडते, मग गाव ती वाजतगाजत नेऊन नदीत सोडतं. या देवीची खोळ गळलेली गावातल्या कुणालाच आठवत नव्हती.

किल्ल्या दोन. एक ट्रस्टच्या ऑफिसात खिळ्याला, दुसरी गुरवीण मावशीकडे. मावशी साठीच्या पुढच्या, विधवा. रोजची पूजा त्यांच्याकडे, राहायला देवळाच्या आवारातच दोन खोल्या. कुलूप शाबूत म्हटल्यावर गावानं दुसरा विचारच केला नाही. ट्रस्टनं मावशींकडून किल्ली काढून घेतली आणि खोल्या सोडायला सांगितलं. तसंही जुनं देऊळ पाडून मोठं बांधायचं चाललं होतं, त्यात संगमरवराची नवी मूर्ती बसवायची होती. त्यांना निमित्तच मिळालं.

आमच्या वरिष्ठ साहेबांचंही मत तेच होतं. म्हणाले, बाईला आणून बसवा, दोन दिवसांत बोलेल. मी आणून बसवलं, चहा दिला, सगळं विचारलं. मावशींनी एकही उत्तर फिरवलं नाही. जाताना एवढंच म्हणाल्या, "बाई, देवी मिळंल तवा मिळंल. पण बाया माझ्या हातचं पाणी घेईनात आता. एवढं तरी तपासात येतंय का बघा."

हे तपासात येत नाही, पण डोक्यात राहतं.

महिने गेले. फाइल खाली खाली जाऊ लागली. अशात एक टेम्पोवाला ठाण्यात आला. माणूस मराठवाड्याचा, चाकण पट्ट्यात कंपन्यांचा माल वाहायचा. कंपनीच्या गेट पाससाठी त्याला पोलीस पडताळणीचा कागद हवा होता. कागदाला वेळ होता आणि मला बोलायची सवय. गाव कुठलं, लेकरं किती, धंदा कसा, असं चाललं होतं. हसत हसत तो म्हणाला, "मॅडम, या पट्ट्यात येकेक माणूस बघितला म्या. गाडीला नारळ फोडत्यात, समजतंय. पण मशीनच्या पार्टाला पाया पडणारा येकच बघितला."

मी विचारलं, म्हणजे कसं?

त्यानं सांगितलं ते असं. चाकणला एकाचं लाकडी पेट्या बनवायचं शेड आहे, कंपन्यांचे सुटे भाग भरून पाठवायच्या पेट्यांचं. त्यानं एक पेटी पुण्यात एका बंगल्यावर पोचवायला दिली. पेटीवर मशीनच्या भागांचं लेबल. पेटी टेम्पोत चढली, तसा मालकानं चप्पल काढली, दोन्ही हात जोडले आणि पेटीला डोकं टेकलं. टेम्पोवाल्याला वाटलं, धंदा नवा असेल, पहिली ऑर्डर असेल.

शेडमालकाचं नाव ऐकलं आणि माझा चहा तसाच राहिला. तो त्याच गावचा, देवस्थानचा विश्वस्त. चोरी झाली त्या सकाळी ठाण्याच्या दारात उभ्या राहिलेल्या माणसांत तोही होता.

टेम्पोवाल्याचा रीतसर जबाब घेतला आणि त्याला घेऊन बंगला शोधला. बंगला एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याचा निघाला. व्यापारी फार सभ्य. त्यानं स्वतःच लिलावाचं छापील पुस्तक काढून दाखवलं. त्यात काळ्या दगडाची हातभर देवी होती. बारीक कोरलेले ओठ, कानात भलीमोठी कुंडलं, डोळे अर्धे मिटलेले. पुढच्या पानावर पुतळ्यांची माळ आणि नथ. खाली लिहिलेलं, कोकणातल्या एका जुन्या घराण्याचा खासगी संग्रह. बिलंही तयार होती. मूर्ती आणि दागिने आम्ही ताब्यात घेतले, तेव्हा व्यापारी शांतपणे म्हणाला, "मॅडम, घेऊन जा. पण ही त्या गावचीच आहे हे सांगणार कोण?"

त्याचा वकील दुसऱ्याच दिवशी मूर्ती परत मागायला कोर्टात उभा राहिला. लिलाव जवळ आला होता.

मी ओळख पटवायला गावाला ठाण्यात बोलावलं. टेबलावर पांढरा कपडा, त्यावर मूर्ती. ट्रस्टचे अध्यक्ष आले, म्हातारे आले, जन्मभर रोज दर्शन घेणाऱ्या बाया आल्या. सगळे मूर्तीकडे बघत आणि मग एकमेकांकडे बघत. अध्यक्ष म्हणाले, "बाई, ही लई देखणी हाय. पर आमची न्हाई वाटत. आमची तांबडी व्हती." एक म्हातारी हात जोडायला गेली आणि मध्येच थांबली. कुणाला हात जोडायचे, तेच तिला कळेना.

त्यांचं तरी काय चुकलं? देवीचा चेहरा गावात कुणी पाहिलाच नव्हता. माळेचंही तसंच. पुतळ्या सगळ्यांच्या सारख्या असतात आणि दोरा नवा ओवलेला. नथही पॉलिश करून चकचकीत केलेली.

शेवटी मावशींना बोलावलं. त्या येताच बाकीच्यांनी जरा जागा सोडली, मान म्हणून नव्हे, लांब व्हायचं म्हणून. मला खरं सांगायचं तर फार आशा होती. मावशींनी 'व्हय, हीच' म्हटलं असतं तर निदान केस उभी राहिली असती. त्यांच्यावरचा डाग गेला असता, खोल्या वाचल्या असत्या. हे त्यांनाही कळत होतं.

मावशी मूर्तीपुढं येऊन उभ्या राहिल्या. हात लावू का, म्हणून विचारलं. मी नाही म्हटलं, पंचनामा चालू होता. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"न्हाई सांगता येत, बाई. म्या हिला आंघोळ घातली, शेंदूर लावला, निवद दाखवला. पर तोंड न्हाई बघितलं कधी. खोटं कसं बोलू, तिच्याच म्होरं?"

साहेब वैतागले. मी मात्र त्याच क्षणी मावशींचं नाव मनातून काढून टाकलं. चोरी केलेली बाई अशी संधी सोडत नाही.

आता उरला शेडमालक. त्याला चौकशीला आणला. गडी घट्ट होता. पेटीत कंपनीचे नमुने होते, बंगल्याचा पत्ता चुकला असेल, पाया पडलो कारण शुक्रवार होता. प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार. आमचे हवालदार म्हणाले, "मॅडम, याला जरा आमच्याकडं द्या." मी दिला नाही. मारून वदवलेलं कोर्टात टिकत नाही हे एक, आणि मारानं माणूस आपल्याला हवं ते बोलतो, खरं बोलतोच असं नाही हे दुसरं.

मी चोरीचं विचारणं सोडून दिलं. आपली देवीवर बोलत बसले. तोही मोकळा झाला. त्याच्या आईचा नवस, त्याचं जावळ तिथंच काढलेलं, लग्नाची पहिली पत्रिका देवीला. बोलताना आवाज हळवा व्हायचा, आणि ते नाटक नव्हतं. मग मला ते पेटीला टेकलेलं डोकं आठवलं. हा माणूस भाविक होता आणि चोरही होता. दोन्ही एका ठिकाणी राहू शकतं, हे नोकरीत फार वेळा पाहिलंय.

मी म्हटलं, "भाऊ, मूर्तीचं जाऊ द्या. मला त्या खोळीचं वाईट वाटतं. किती पिढ्यांचा शेंदूर तो. चोरानं खरवडून काढला असणार आणि टाकला असणार कुठंतरी उकिरड्यावर. आता कुत्री हुंगत असतील."

त्याचा चेहरा बदलला. खुर्चीत पुढं सरकला आणि बोलून गेला, "उकिरड्यावर न्हाई टाकली."

त्याला स्वतःचं बोलणं ऐकू यायला थोडा वेळ लागला. मग त्यानं तोंडावर हात घेतला आणि रडायला लागला.

पंचांसमोर त्याचं बोलणं लिहून घेतलं, म्हणजे निवेदन पंचनामा केला, आणि तो नेईल तिकडं आम्ही गेलो. शेडच्या पोटमाळ्यावर, रिकाम्या पेट्यांच्या मागं एक पेटी होती. आत धुतलेल्या पांढऱ्या धोतरात, हळदकुंकू वाहिलेली, खोळ. दोन मोठे तुकडे, आणि पुढच्या तुकड्यात चांदीचे डोळे तसेच. उन्हाळ्यात शेडचे पत्रे तापले तेव्हा थर मऊ पडला, म्हणाला, आणि त्यानं तो सालीसारखा अलगद सोडवला.

मी विचारलं, ही ठेवली कशाला? पुरावा जवळ बाळगून बसलास.

"सोडायची व्हती, बाई. इंद्रायणीवर दोनदा घेऊन गेलो. पाण्यावर निसता फेस. कंपन्यांचा. त्या फेसात देवीची खोळ कशी सोडू? म्हणलं, नदीला पूर येऊन फेस गेला की सोडू."

किल्ली ट्रस्टच्या ऑफिसातल्या खिळ्यावरचीच घेतली होती. चोरी का केली, तेही सांगितलं. नव्या देवळाची मापं घेताना खोळीचा कानाजवळचा टवका उडाला आणि आत कुंडलाची नक्षी दिसली. त्यानं फोटो काढून व्यापाऱ्याला दाखवला, व्यापाऱ्यानं आकडा सांगितला. मग त्यानं मनाची समजूत घातली: संगमरवराची बसली की जुनी नदीतच जाणार. बुडवण्यापेक्षा विकलेली काय वाईट? हे वाक्य त्यानं मला तीनदा ऐकवलं. मला वाटतं, तो ते स्वतःलाच ऐकवत होता.

खोळ ठाण्यात आणली. पुरातत्त्व खात्याचे अधिकारी आले. त्यांनी पुढचा तुकडा उलटा केला. आतल्या बाजूला, मऊ शेंदरात, ओठांचा खळगा होता, नाकाचा होता, कुंडलांची नक्षी उलटी उमटलेली होती. त्यांनी तो सावकाश मूर्तीवर टेकवला. कुठंही फट राहिली नाही. व्यापाऱ्याच्या वकिलानं अर्ज मागं घेतला, आणि पुढं व्यापारीही आरोपी झाला. खटला अजून चालू आहे, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

गावात गेले तेव्हा अध्यक्षांना म्हटलं, मावशींना सांगायला तुम्हीच चला. ते चालत पुढं गेले, आणि मावशींच्या दाराशी थांबले. म्हणाले, "वैनी, तांब्याभर पाणी द्या." मावशींनी दिलं. त्यांनी उभ्यानंच, शेजारपाजारच्या बाया बघत असताना, सगळा तांब्या संपवला. माफीचं एकही अक्षर कुणी काढलं नाही. खोल्यांचा विषयही पुन्हा निघाला नाही.

साक्षीदार 'माहीत नाही' म्हणाला की आम्ही पोलीस चिडतो. आम्हाला 'हो' हवं असतं, लवकर हवं असतं. या केसनं मला एक शिकवलं. ज्याचं भलं 'हो' म्हणण्यात आहे तो 'नाही' म्हणाला, तर तो कागद बाजूला काढून ठेवावा. तपासाची खरी सुरुवात कधीकधी तिथून होते. पुढच्या नोकरीत मी ते पाळलं, आणि नव्या पोरापोरींनाही सांगत आले.

कोर्टानं खटला संपेपर्यंत मूर्ती सुपूर्तनाम्यावर गावाच्या ताब्यात दिली. मागतील तेव्हा कोर्टात हजर करायची, या अटीवर. संगमरवराच्या मूर्तीचं नाव आता कुणी काढत नाही. ताबा घ्यायच्या सहीला गावानं मावशींना पुढं केलं. मूर्तीवरचा कपडा बाजूला झाला आणि कोर्टाच्या कारकुनानं नेहमीचा प्रश्न विचारला, मूर्ती ओळखता का?

मावशींनी या वेळी हात लावला. गालावरून बोट फिरवलं, कुंडलापाशी थांबल्या.

"व्हय," म्हणाल्या. "आता वळखते."