पार्वतीबाईंची शेगडी

लातूर नवा जिल्हा झाला, त्या वर्षीच्या दुष्काळात रेणापूरच्या सिंधुबाई गॅसदुरुस्ती शिकायला निघाल्या. गॅस एजन्सीचे मालक म्हणाले, "नोकरी हवी तर सहा महिने काम केल्याचा दाखला आणा." एजन्सीचे मेकॅनिक नरसिंगमामा त्यांना घरोघरी सोबत न्यायचे, पण नवशिक्या बाईच्या हाती शेगडी द्यायला कोणीच धजेना. सिंधुबाई नुसत्या पाहत राहायच्या.

एकदा शेगडी बिघडली तेव्हा एका कारकुनाच्या पत्नी पार्वतीबाई म्हणाल्या, "मामा, हिला करू द्या. बिघडली तर चार दिस चूल पेटवीन."

सिंधुबाईंनी बर्नर खोलून साफ केला, नळीला साबणाचं पाणी लावलं. बुडबुडे आले नाहीत, म्हणजे गळती नव्हती. ज्योत निळी पेटली. मग पार्वतीबाईंनीच शेजारणींना सांगितलं, दुरुस्तीसाठी घरं मिळत गेली, दाखला मिळाला आणि नोकरीही.

"शिकवलं मामांनी," सिंधुबाई अजून सांगतात, "पण हात लावू दिला तो पार्वतीबाईंनी. लई उपकार हायत त्यांचे."