वाजवून घेतलेला सायलेन्सर

पंच्याऐंशी साली मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो, आणि तोवर नांदेडपासून लातूरपर्यंत जितकी माणसं मी बघितली, त्यांत स्वस्त वस्तूच्या नादानं जन्मभर तोंडघशी पडूनही ताठ मानेनं फिरणारा माणूस एकच होता. तो म्हणजे माझा साडू. साडू काही आपण निवडत नसतो. बायको करताना लोक सासरा बघतात, मेहुणे बघतात, घराचा उंबरा बघतात. पण सासऱ्याच्या थोरल्या लेकीच्या गळ्यात आधीच काय बांधून ठेवलंय ते कुणी बघत नाही. हा माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, पण ह्याची बायको थोरली, म्हणून मांडवातल्या पहिल्या दिवसापासून हा थोरला. मला 'साडूभाऊ' म्हणायचा तेसुद्धा असं, की जसा काही वरच्या पायरीवरून हात देऊन राहिलाय. मी चौथीत शाळा सोडली अन् ओळंबा हातात धरला. कंधार तालुक्यात मी बांधलेल्या भिंती अजून सरळ उभ्या आहेत, जाऊन बघा. हा सातवी पास, लातूरला आडत दुकानात मुनीम. तेवढ्या तीन इयत्तांचा ताठा त्याला आयुष्यभर पुरला.

त्यात लातूर जिल्हा झाला. केला सरकारनं, पण साडूचा असा समज झाला की वरच्या साहेबांनी आधी त्यालाच विचारलं असणार. जिल्हा झाला म्हणून त्यानं सासरवाडीत पेढे वाटले, ते असे की त्यात खवा शोधायला पंचनामा करावा लागला असता. तेव्हापासून आमच्याकडं आला की खुर्ची झटकून बसायचा अन् विचारायचा, "मग, काय म्हणतंय तुमचं तालुक्याचं?" मी एकदा ऐकवलं, "आमचं नांदेड निजामाच्या काळापासून जिल्हा हाय. तुमच्या जिल्ह्याचं अजून जावळबी निघालं न्हाई." त्यावर हा पान लावत शांतपणे म्हणतो, "म्हणून तर साडूभाऊ, तुमचं टक्कल पडून राहिलंय." माझी बायको पदर तोंडाला लावून हसली. तिला तिच्या दाजीचं लई कौतुक.

त्याची एक खोड होती. कोणतीही वस्तू घ्यायची तर ती तो वाजवून बघायचा. माठ वाजवून घेतात, टरबूज वाजवून घेतात, ठीक आहे. हा बॅटरी वाजवायचा, छत्रीची मूठ वाजवायचा, बुटाची टाच कानाला लावून वाजवायचा. उदगीरच्या बाजारात त्यानं बैलाच्या पाठीवर बोटाच्या पेरांनी ठकठक केली, तेव्हा बैलानं मान वळवून त्याच्याकडं जे बघितलं, ते बघणं मला फार आवडलं. एकदा रस्त्यावरच्या चष्मेवाल्याकडं त्यानं काच वाजवून बघितली. ती तडकली. तडकल्यावर तोच चष्मा घेणं भाग पडलं, अन् पुढं कित्येक वर्षं ह्याला पुनवेला दोन चंद्र दिसायचे. त्याची त्याला खंत नव्हती. म्हणायचा, "एकाच्या भावात दोन."

मोटार त्याला आडतीच्या मालकानं दिली. मालकानं नवी घेतली अन् जुनी अँबेसडर ह्याच्या गळ्यात मारली. म्हातारा बैल कसायाला द्यायला मन होत नाही म्हणून पाहुण्याच्या दावणीला बांधतात, तसं. तिची एका वेळी तीनच दारं उघडायची, अन् ती तीन कोणती ते त्या दिवशीच कळायचं. हॉर्न कधीचा मेलेला, साडू खिडकीतून मुंडकं काढून "ओ मामा, सरका!" म्हणून ओरडायचा. उतार लागला की इंजिन बंद करायचा आणि चढ लागला की आत बसलेल्यांकडं आशेनं बघायचा. एके दिवशी अहमदपूरच्या अलीकडं तिचा सायलेन्सर गंजून गळून पडला. लातुरात कंपनीच्या सायलेन्सरचा भाव ऐकून हा दुकानाच्या पायरीवरच बसला म्हणे. मग थेट नांदेड गाठलं आणि मला निरोप धाडून बोलावून घेतलं, कारण खरेदी करताना त्याला कौतुकाला माणूस लागायचा.

भंगार बाजारात एका चाचाकडं चंदेरी रंग मारलेले सायलेन्सर कोंबड्यांसारखे उलटे टांगलेले होते. चाचा म्हणाला, "ले जाओ मियाँ, ऐसी चुप चलती गाडी, घर की बिल्ली को बी पता नैं चलता." मला तर ते बोअरच्या केसिंग पाइपाचे तुकडे दिसले, दोन्ही टोकांना झाकण लावलेले. जमिनीला भोकं पाडून पाडून पाणी लागलं नाही, तर उरल्या पाइपाचं काय करावं? सायलेन्सर करावा. साडूनं खिशातून किल्ली काढली अन् एकेक सायलेन्सर कानाशी धरून वाजवला. जे आतून भरलेले होते ते नुसतं 'ठप्प' करायचे. ते त्यानं तोंड वाकडं करून बाजूला सारले. एक मात्र देवळातल्या घंटेसारखा वाजला. "हा द्या," साडू म्हणाला. "ऐका साडूभाऊ, काय नाद हाय! एकदम पक्का माल." जी वस्तू आवाज बंद करायला घ्यायची ती खणखणीत वाजते म्हणून घेणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा बघितला. चाचानंही बघितला नसावा, कारण त्यानं घाईघाईनं तोंडात पान कोंबलं आणि पाठ फिरवली. बसवून गाडी चालू केली तेव्हा बाजारातली कबुतरं उडाली, अन् शेजारच्या न्हाव्यानं गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा वरच्या वर धरला. साडू आतून ओरडला, "नवा हाय अजून! चालून चालून मऊ पडंल!" महिन्यानं भेटला तेव्हा आवाज दुप्पट झालेला. म्हणे, "हॉर्नचा खर्च वाचला."

हे हसण्यावारी नेलं असतं, पण त्या साली हसायलासुद्धा घशाला ओल नव्हती. पाऊस दुसऱ्यांदा हुकला होता. गावच्या विहिरीत सोडलेला दोर तळाला टेकून कोरडाच वर यायचा. गवंड्याचं काम म्हणजे पाण्याचं काम. माझी थापी कोनाड्यात गंजत पडली. पण माझा घोर वेगळाच होता. पोरगा कंधारला सरकारी कचेरीत शिपाई लागलेला, निर्व्यसनी, तरी त्याची सोयरीक जमेना. मुदखेडच्या पाहुण्यांनी कळवलं, "पोरगा सोन्यासारखा हाय, पण आमची पोरगी घागरी वाहायला वाढवली न्हाई." बिलोलीचे पाहुणे तर वेशीतूनच माघारी गेले, चहाला थांबले नाहीत. कारण आमच्या गावाला टँकर, अन् टँकरची रांग वेशीपासून मारुतीपर्यंत. रांगेत बायका नसायच्या, घागरी असायच्या. टँकर एक दिवसाआड सकाळी यायचा म्हणे, पण कधी दुपारी यायचा, कधी यायचाच नाही. म्हणून बायका घरात अन् नंबराला घागरी, रात्रंदिवस. आता तिसरी सोयरीक साडूनं आणली होती, औशाकडची. ही मोडली असती तर चौथी आली नसती. मोडक्या सोयरिकीची बातमी सगळीकडं पोचते, तिला टँकर लागत नाही.

पाहुणे येणार त्या दिवशी मी गल्लीनं फिरलो अन् बायकांना हात जोडले, "आजच्या दिवस घागरी घरात घ्या. पाव्हणे जाईस्तोवर." रांगेत पहिली घागर शेवंताबाईची असायची; तिच्या तोंडाला सरपंचसुद्धा भ्यायचा. ती म्हणाली, "घेते बापा. पण तेवढ्यात टँकर आला अन् माझा पैला नंबर गेला, तर घागर तुझ्या व्याह्याच्या मांडीवर ठेवीन, सांगून ठेवते." घेतल्या मात्र सगळ्यांनी. रस्ता असा मोकळा दिसायला लागला की जसं काही गावात घराघराला नळ आहे. पाहुण्यांना पाय धुवायला भरला तांब्या द्यायचा म्हणून आमच्या घरात दोन दिवस कुणी आंघोळ केली नव्हती. साडूला मी आधीच बजावलं होतं, "पाण्याचं नाव काढू नका." तो म्हणाला, "मी? मी कशाला काढू?"

त्यानं नाव काढलं नाही. दुपारी पाहुण्यांना घेऊन त्याची गाडी वेशीबाहेरच्या चढाला लागली अन् केसिंग पाइप बोलायला लागला. घुर्रर्र, ढम्, घुर्रर्र. मला एका क्षणात कळलं की हा साडू आहे. बायकांना कळलं नाही. त्यांना एकच आवाज ठाऊक होता. "टँकर आला गं!" म्हणून एकीनं हाक दिली अन् दारादारातून घागरी निघाल्या, हंडे निघाले, डालड्याचे डबे निघाले. गाडी मारुतीपाशी पोचेपर्यंत तिला चारी बाजूंनी वेढा पडला. रिकामी एक घागर समोर आली तरी माणूस अपशकुन म्हणून घरी फिरतो. इथं अख्खं गाव रिकाम्या घागरी घेऊन आडवं आलं होतं. आणि साडू? साडूला वाटलं, बायका कलश घेऊन पाहुण्यांच्या स्वागताला आल्या. तो खिडकीतून दोन्ही हातांनी नमस्कार करून राहिला होता.

शेवंताबाईनं धुरळ्यात घागर आत सारली. "धरा हो, पाइप कुठाय?" म्हणाली, अन् मग वाकून बघितलं. "अगं बाई! ह्या टँकरात तर माणसं हाईत!" घागर मुलीच्या बापाच्या मांडीवर होती. तेव्हा बायका जे बोलल्या त्यातलं लिहिण्यासारखं फार थोडं आहे. "मेल्या, गाडी हाय का गिरणी?" हे त्यातलं सगळ्यात सौम्य. साडू ओरडून सांगत होता, "गॅरंटी हाय बाई त्याला!" मी दारात उभा, फेटा बांधून. तो फेटा मला विटांच्या पाटीएवढा जड झाला. बायकोनं आत चुलीवरचं चहाचं भांडं उतरवून ठेवलं. गेली, तिसरी सोयरीकही गेली, एवढंच मला कळत होतं.

मुलीचा बाप उतरला, ती घागर हातात तशीच धरून. त्यानं सगळ्या घागरींवरून नजर फिरवली आणि मला विचारलं, "इथं टँकर येतो?"

आता लपवायला काय उरलं होतं? मी म्हणालो, "येतो. एक दिवसाआड येतो."

मुलीची आत्या गाडीतच अडकली होती, तिच्या बाजूचं दार त्या दिवशी उघडत नव्हतं. ती खिडकीतून म्हणाली, "दादा, ऐकलंस का? टँकर येतो ह्यांच्यात! गावात येतो!" मग माझ्याकडं वळून, "आमच्या गावाला रस्ताच न्हाई बघा, टँकर कुठून येईल? पोरगी झुंजुमुंजू व्हायला नदीत जाती, वाळूत झिरा उकरती अन् वाटीवाटीनं घागर भरती. तुम्हाला कळू नये म्हणून गाडीत आम्ही जीव मुठीत धरून बसलो होतो. तुमचे साडूच म्हणाले, पाण्याचं नाव काढू नका, आमच्या साडूभाऊला खपत न्हाई."

मी साडूकडं बघितलं. तो बॉनेट पुसत होता.

"पर एक सांगा," आत्या म्हणाली. आता तिचा आवाज बदलला. "टँकरवरून घागर कोण आणतं? सूनच ना?" सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. कारण त्या सगळ्या कुणाच्या ना कुणाच्या सुनाच होत्या. मी शब्द जुळवत होतो, तेवढ्यात साडू बोलला. "छ्या! सून कशाला? आमचे साडूभाऊ सोता आणतेत. सुनंच्या डोक्यावर घागर ठिवली तर जिल्हा सोडून जाईन म्हणालेत." मी असं काही म्हणालो नव्हतो. माझ्या बापानं, आज्यानंही कधी म्हटलं नसेल. शेवंताबाई खदखदून हसली, "हे? ह्यानं जन्मभर तांब्यासुद्धा बायकोच्या हातून घेतलाय!" आत्या हसली नाही. तिनं मला विचारलं, "खरं का?"

माझ्या बोलण्यावर 'खरं का' असं कुणी विचारलेलं मी कधी ऐकून घेतलं नव्हतं. अन् हे तर माझं बोलणंही नव्हतं. पण बोललेला माझ्या नात्याचा होता, अन् शब्द माझ्या दारात पडला होता. "हाव," मी म्हणालो. "खरं हाय."

संध्याकाळी सुपारी फुटली. पुढं वीस वर्षं साडू जिथं जाईल तिथं सांगत राहिला की ही सोयरीक त्याच्या सायलेन्सरनं जमवली. मी ते कधी कबूल केलं नाही, अन् आजही करत नाही. तो सायलेन्सर त्यानं शेवटपर्यंत बदलला नाही. आधी गाडी मोडीत गेली अन् नंतर साडू गेला. आता लातूरच्या रस्त्यानं चांगल्या गाड्या येतात, गुळगुळीत, बिनआवाजाच्या. पार दारात येऊन उभ्या राहिल्या तरी कळत नाही. कोण आलं ते बघायला उठावं लागतं, अन् उठून बघावं तर दुसरंच कुणी असतं.

सुपारी फुटली त्या रात्री पाहुणे मुक्कामाला राहिले, कारण त्या गाडीत परत बसायला कुणाचा धीर होईना. सकाळी खरा टँकर आला. आत्या ओट्यावर येऊन बसली होती. मी बायकोच्या हातातली घागर काढून घेतली अन् बायकांच्या रांगेत शेवटाला जाऊन उभा राहिलो. कुणीतरी पुढून म्हणालं, "या, पुढं या, पाव्हणे बघून राहिलेत." मी म्हणालो, "नंबरानं." थोड्या वेळानं साडू बनियनवर आला, दुसरी घागर घेऊन, अन् माझ्या मागं उभा राहिला. टँकरचा नळ सुटला, रांग हलली, अन् मी घागर पुढं सरकवली.