हात मागे

उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, आदल्या दिवशी लिफ्टचे पॅनेल जळाले. उगादीच्या दिवशी, कोणतीही चौकशी न होता, ठपका ठेवला गेला. पुढच्या रविवारी सभेने तो कायम केला. जबाबदार: आमच्या बेंगळुरूतल्या मारतहळ्ळीच्या इमारतीचे चिटणीस, अनुमोदक खजिनदार आणि हात वर करणारे सभासद. माझे मत विरोधात होते.

ठपका आला तो तिसऱ्या मजल्यावरच्या, संशोधन संस्थेतून निवृत्त झालेल्या अभियंता बाईंवर. त्यांना सगळे अक्का म्हणत; गच्चीवर त्या विजेचे प्रयोग करीत. गच्चीवर पाऊल ठेवणाऱ्याला त्या आधी दरडावीत, “हात मागे!” आणि स्वतःही हात पाठीमागे गुंफून उभ्या राहत.

वाचकहो, मी विश्वासाने जगणारा माणूस नव्हे. सभेआधी एकदा गच्चीवरून कडकडाट ऐकू येताच मी टेस्टर घेऊन वर गेलो.

“काय वकीलसाहेब, वीजचोरी पकडायला?”

“मी वकील नाही. आणि हो, त्यासाठीच.”

“सरी, ठीक आहे, पकडा. पण हात मागे ठेवून.”

गच्चीवरचा एकमेव प्लग बंद निघाला. अक्कांसमोर कोरड्या बर्फाच्या पेटीत पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा जाड ठोकळा होता. बोम्मसंद्र्यात इंजेक्शनच्या सुया निर्जंतुक करणाऱ्या एका कारखान्यातून अक्का अशा ठोकळ्यांत इलेक्ट्रॉनांचा झोत शिरवून आणीत. वीज आत कोंडलेलीच होती.

“कुणी बोट लावलं, तर ही त्या बोटातूनच बाहेर पडेल,” त्या म्हणाल्या.

जमिनीशी तारेने जोडलेला खिळा टेकवून त्यांनी लांब दांड्याच्या हातोडीने टोला दिला. कडाड्! ठोकळ्यात पांढरे झाड उमटले: खोड, फांद्या, केसाहून बारीक डहाळ्या.

“हिला घाई फार,” अक्का हसल्या. “पण अक्षर सुरेख.”

सभेत त्या सवयीने हात मागे घेऊन उभ्या होत्या. “अण्णा, माझी वीज भिंतीतल्या तारांत शिरतच नाही हो,” एवढेच त्यांनी सांगितले.

“मग आरोपीसारखे हात का बांधलेत?” चिटणीसांनी विचारले.

सभागृह हसले. अक्कांनी हात पुढे आणले, टेबलावर ठेवले, पुन्हा उचलले. ते कुठे ठेवावेत, हे त्यांना कळेना. त्या पुढे बोलल्या नाहीत. इतिवृत्तात लिहिले गेले: ‘मौनातून कबुली’. मौन म्हणजे कबुली, हे कोणत्या कायद्यात आहे? गच्चीला कुलूप लागले; किल्ली चिटणीसांकडे. अक्का देवनहळ्ळीला भाच्याकडे गेल्या. तिथल्या फ्लॅटला गच्ची नाही. ठोकळे त्यांनी बंद केले.

पावसाळा येण्यापूर्वीच पॅनेल पुन्हा जळाले. या वेळी मी लिफ्टच्या खोलीत जाऊन पाहिले. छतातून थेट पॅनेलवर पाणी ठिबकत होते. त्या छतावर चिटणीसांच्या गुलाबांच्या कुंड्या आहेत. रोज सकाळी ते स्वतः पाणी घालतात. ती ओल त्यांना आधी ठाऊक नव्हती, हे मी मानत नाही.

जाताना अक्कांनी दिलेले झाड माझ्या टेबलावर आहे. त्यात आता वीज नाही. तरी कुणाचे बोट तिकडे वळले की मी ओरडतो, “हात मागे!”

चिटणीसांनी येत्या सर्वसाधारण सभेत, अक्कांना सन्मानाने बोलावून, सर्वांसमक्ष उत्तर द्यावे: पॅनेल कोणी जाळले? उत्तर देताना आपले हात कुठे ठेवायचे, ते त्यांनी आतापासून ठरवावे.