सातच्या वर न्यायची न्हाय

अंजूरफाट्यावर केसरीनाथच्या वर्कशॉपात गाडी आणली की टेम्पोवाले चार पावलं लांब उभे राहायचे. इंजिन बांधावं तर केसरीनाथनेच, पण माणूस हातघाईचा. एका ड्रायव्हरने भलतंच तेल ओतून इंजिन जाम करून आणलं, तर केसरीनाथने त्याचे दोन दात पाडले. मग संध्याकाळपर्यंत उपाशी बसून तेच इंजिन सोडवून दिलं.

बायको हौसा त्याच्या बरोबरीने राबायची. इंजिनांची काजळी धरलेली हेडं उकळत्या कॉस्टिक सोड्याच्या टाकीत बुडवून धुवायचं काम तिचं. केसरीनाथने आयुष्यात एकदाच तिच्यावर हात उगारला होता. तिने हातातला पाना त्याच्या घोट्यावर असा हाणला, की पंधरवडाभर तो लंगडत होता. त्यानंतर दोघांना एकमेकांचा अंदाज आला.

हौसाचा धाकटा भाऊ धनेश वळ गावात राहायचा. घरची जमीन गोदामवाल्यांना गेली आणि पोराच्या दारात दीड लिटर इंजिनाची नवी पेट्रोल गाडी आली. गोदामांमधले रुंद सिमेंटचे रस्ते रविवारी सकाळी मोकळे असत. तिथे पोरं गाड्या पळवायची. दोन हजार सहा सालच्या एका रविवारी धनेशने दाजींना, म्हणजे केसरीनाथला, मुद्दाम बघायला नेलं आणि त्यांच्यासमोरच तो हरला. काल्हेरच्या मनोजची गाडीही दीड लिटरचीच, पण ती अशी किंचाळत पुढे गेली, की बघणाऱ्यांनी कानांवर हात ठेवले.

मनोज हसत गाडीतून उतरला. धनेशने डिकीतून चाकपाना काढला आणि त्याच्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज केसरीनाथला दहा हातांवरून ऐकू आला. दुसरा घाव बसायच्या आत त्याने मेहुण्याची मानगूट धरली आणि त्याला गाडीच्या पत्र्यावर आपटलं.

ओठातून रक्त गळत असतानाही धनेशचा प्रश्न एकच होता. "दाजी, त्याची मिनिटाला आठ हजार फेऱ्यांवर जाते. माझी सहावर का मरते?"

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपात केसरीनाथने दोन पिस्टन त्याच्यापुढे ठेवले. "ह्यो रुंद, त्याच्यासारखा. वर-खाली थोडाच पळतो. वर जागा मोठी, म्हणून व्हॉल्व्ह मोठे, हवा भराभर घेतो. तुझा अरुंद हाय, पन लांब पळतो. ओझं वढायला बरा, घाटात बरा. आता बघ. पिस्टन टोकाला जाऊन थांबतो आन उलटा फिरतो, दर फेऱ्याला दोनदा. जितका लांब पळनार तितका हिसका जास्त. आन फेरे दुप्पट केले तर हिसका चौपट. तो समदा पिस्टन धरनाऱ्या ह्या रॉडवर येतो."

"रॉड मजबूत घालू."

"आन व्हॉल्व्ह? ते स्प्रिंगच्या जोरावर मिटतात. फेरे स्प्रिंगला झेपले न्हायत, तर व्हॉल्व्ह उघडाच ऱ्हातो आन खालून पिस्टन येऊन त्याला ठोकतो. मग काय उरत न्हाय. त्याचं इंजिन आठासाठीच घडवलंय, रॉडपासून स्प्रिंगपर्यंत. तुझं न्हाय."

इथे गप्प बसला असता तर बरं झालं असतं. पण मनोजच्या गाडीची ती किंकाळी केसरीनाथच्याही डोक्यात बसली होती. आयुष्यभर टेम्पोची घरघर ऐकलेला माणूस तो. त्याने कडक स्प्रिंगा मागवल्या, पिस्टन हलके केले, रॉड घासून एकमेकांच्या वजनाला आणले. फेरे वाढले की आपोआप पेट्रोल तोडणारा डबा गाडीत असतो. मुंबईतल्या एका जाणकाराकडून त्याची हद्द सात हजारांवर बसवून आणली. किल्ली देताना त्याने धनेशचा कान पिळला. "सात. सातच्या वर न्यायची न्हाय."

मनोजचं हाड जुळलं आणि तो हट्टाने परत आला. त्या रविवारी धनेशच्या शेजारी त्याचा मित्र दामू बसला होता. दोन्ही गाड्या खांद्याला खांदा लावून निघाल्या. धनेशची गाडी तिसऱ्या गिअरमध्ये सातला टेकली आणि पुढच्याच क्षणी बॉनेटखाली बार उडाला. मोडका रॉड इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला, तेल चाकांखाली सांडलं आणि गाडी गरगरत गोदामाच्या खांबावर आदळली, दामूच्या बाजूने. पत्रा कापून त्याला बाहेर काढलं तेव्हा तो गेलेला होता.

धनेशच्या कपाळाला टाके पडले. शुद्धीवर येताच तो म्हणाला, "दाजींनी खराब माल घातला." ते वळमध्ये घराघरात पोचलं.

पोलिसांनी गाडी सोडली त्या दुपारी धनेश ती दोरखंडाने ओढत वर्कशॉपाच्या दारात घेऊन आला. बरोबर चार माणसं आणि लोखंडी सळया. केसरीनाथने पहिल्याचं नाक फोडलं, दुसऱ्याला भट्टीवर ढकललं. मग पाठीत सळई बसली आणि तो गुडघ्यांवर आला. तिघांनी त्याला बाकाशी दाबलं. धनेशने त्याचा उजवा हात बाकावरच्या वाइसच्या, म्हणजे लोखंडी शिकंज्याच्या, जबड्यात घातला आणि दांडा फिरवायला घेतला.

"बोल, खराब माल घातलास. दामूच्या बापापुढं जाऊन बोल!"

केसरीनाथ ओरडला, पण ते बोलला नाही. बोटं एकेक करून फुटली.

हौसा टाकीपाशी होती. "धनेश, सोड त्यांना."

"ताई, तू मधे पडू नको."

तिने बादली टाकीत बुडवली आणि उकळतं कॉस्टिक भावाच्या अंगावर फेकलं. कान, मान, खांदा. शर्ट कातडीला चिकटला. धनेश जमिनीवर लोळायला लागला, तशी बाकीची माणसं सळया टाकून पळाली. हौसाने आधी नवऱ्याचा हात सोडवला, मग पाण्याचा पाइप भावावर धरला आणि पोलीस येईपर्यंत धरून ठेवला. "मी टाकलं," ती पोलिसांना म्हणाली. "भाऊ हाय माझा."

केसरीनाथची तीन बोटं गेली. दवाखान्यातून आल्यावर त्याने ते फुटकं इंजिन खोललं. तो सांगायचा, पाना जामिनावर सुटलेली हौसा फिरवायची. स्प्रिंगा शाबूत होत्या. व्हॉल्व्ह मात्र सगळेच्या सगळे वाकलेले. डबा सातवरच होता, म्हणजे इंजिन आपल्या जोराने वर गेलं नव्हतं. त्याने गिअरबॉक्स उघडला. दुसऱ्या गिअरचे दात ओरबाडलेले होते. घाईत धनेशची दांडी चौथ्याऐवजी दुसऱ्यात गेली होती. गाडीचा वेग तोच, गिअर खालचा. चाकांनीच इंजिनाला दहा हजारांवर फरफटत नेलं. तिथे पेट्रोल तोडणारा डबा काय करणार?

तेवढ्यात दामूचा बाप नामा आत आला. हातात कोयता. "तुजा माल का त्याचा हात? एकच सांग."

'त्याचा हात' म्हटलं, की कोयता धनेशवर जाणार, हे हौसाने ओळखलं.

"हात त्याचा चुकला," केसरीनाथ म्हणाला. "पन सातवर मी नेली. ती गाडी सहाचीच व्हती. मला ठावं व्हतं."

कोयता त्याच्या खांद्यात उतरला. केसरीनाथने डावा हात वर केला नाही. नामा दुसरा घाव घालायला गेला, पण हौसाने त्याच्या मनगटाला दोन्ही हातांनी मिठी मारली, आणि म्हातारा तिथेच बसून पोराच्या नावाने ओरडत राहिला. त्याने धनेशच्या घराची वाट धरली नाही. खांद्याच्या जखमेची तक्रार केसरीनाथने केली नाही.

हौसाचा खटला उभा राहिला तेव्हा धनेश कोर्टात म्हणाला, "कोनी टाकलं, दिसलं न्हाय." केसरीनाथनेही आपला हात कोणी चिरडला ते सांगितलं नाही. पोलिसांपुढची कबुली कोर्टात पुरावा धरत नाहीत, त्यामुळे दोन्ही प्रकरणं बारगळली. दामूच्या मरणाचा खटला मात्र धनेशवर चालूच राहिला.

कोर्टाच्या बाहेर हौसा भावापाशी गेली. त्याची मान आक्रसून एका बाजूला ओढली गेली होती.

"खाज येते?"

"येते."

"खोबरेल लाव. नखं लावू नको."

धनेशने मान हलवली, जितकी हलत होती तितकी. मग ती केसरीनाथला घेऊन रिक्षात बसली.