चंद्रावरची किंचाळी

चंद्रावर पहिला माणूस आमच्या तोंडवलीचा गेला. तो मी. खरे अंतराळवीर त्यानंतर काही वर्षांनी पोचले. पण त्यांना तिथे लग्न ठरवायचं नव्हतं, त्यामुळे ते माझ्याइतके घाबरले नसावेत.

मी तेव्हा गावच्या शाळेत नुकताच मास्तर झालो होतो. मुंबईचा मामा जुनी मासिकं पाठवायचा आणि त्यातल्या अवकाशकथांनी माझं डोकं पार फिरवलं होतं. त्या कथांत यान चालवणारा पुरुष, शोध लावणारा पुरुष, आणि एखादी बाई असलीच तर तिला काम एकच. राक्षस दिसला की किंचाळायचं! आमच्या घरी आई डोक्यावर मासळीची पाटी घेऊन मालवणच्या बाजारात जायची, वेळ पडली तर पोलिसाशीही हुज्जत घालायची, आणि तिला विचारल्याशिवाय बाबा नवं जाळंसुद्धा घेत नसत. तरीही चंद्रावरची बाई किंचाळणारच, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. (छापलेलं होतं ना!)

तर जत्रेसाठी मी चांद्रसफरीचं नाटक लिहिलं. कप्तान अर्थातच मी! कारण मिठबावची सुशीला आणि तिची आई त्याच दिवशी मुलगा बघायला येणार होत्या. सुशीला मला बाजारात तिच्या आईशेजारी मासळी विकताना दिसली होती आणि तेव्हापासून मी कामातून गेलो होतो. तिच्यासमोर पराक्रम दाखवायची हीच संधी!

नायिका होता गावातला भिकूमामा. आमच्याकडे रंगमंचावर बाई चढत नसे. दशावतारात राण्या करण्यात भिकूमामाची हयात गेली होती. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, समोरचा बोलेल तसं आपण बोलायचं. माझं नाटक मात्र लिहिलेलं होतं.

"मामा, हंयसर तुमी फकत वरडूचा."

"मगे?"

"मगे काय नाय. राक्षसाक मी मारतलंय."

"राणी नुसती वरडतली? मेल्या, राणी भांडल्याशिवाय मागे सरणा नाय!"

मी दुर्लक्ष केलं. प्रयोग सुरू झाला. बांबू-कागदाचं यान चंद्रावर उतरलं आणि राक्षस आला. राक्षस म्हणजे माझा चुलतभाऊ बाबी, अंगाला जुन्या जाळ्याचे पीळ बांधून केलेले लांबलचक हात. भिकूमामा झकास किंचाळला. एवढ्यात पहिल्या रांगेतून सुशीलाची आईच उठली.

"अगो बाय, म्हाकूल आसा ता! जाळ्यात रोज गावता! वरडतंस कित्याक?"

"पयल्यांदाच बघतंस काय गो?" मागून दुसरी ओरडली. बायका खो खो हसू लागल्या. (म्हाकूल म्हणजे लांब हातांचा मऊ समुद्री जीव, आमच्या बाजारात रोजचाच!)

प्रेक्षक कुठे झुकतात हे भिकूमामाला बरोबर कळायचं. त्याने पदर खोचला, राक्षसाचा एक हात उचलला, दाबला, हुंगला आणि जाहीर केलं, "शिळां आसा!"

"ताजो आसंय मी!" बाबी भडकला. (राक्षसाला माझ्या नाटकात संवादच नव्हता!)

झालं! पहिल्या रांगेतून बोली सुरू झाली. चंद्रावर लिलाव! मी बंदूक रोखून पुढे झालो आणि गरजलो, "मागे हो, अबले! तुझे रक्षण करण्यास मी समर्थ आहे!"

"तू गप रे!" अबला म्हणाली. "बाजार बायलांचो. तू होडी सांभाळ!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट! (त्यात बाबाही होते.)

आता माझ्या अब्रूचा प्रश्न होता. मी राक्षसावर झेप घेतली, पाय जाळ्यात अडकला, मी आडवा झालो आणि अख्खं यान माझ्यावर कोसळलं! चार पुरुष धावले आणि चार बाजूंनी जाळं ओढू लागले. मी आणखीच आवळला गेलो.

"ताणू नकात! ताणल्यार आणखी गुंडाळतला!"

सुशीला! ती सरळ रंगमंचावर चढली. जिथे राणीसुद्धा पुरुषच असायची, तिथे खरीखुरी बाई, तीही मुलगा बघायला आलेली! तिने बैठक मारली, गाठ शोधली आणि अडकलेला मासा सोडवावा तसं शांतपणे मला सोडवलं. आमची राणी मुकाट्याने कंदील धरून उभी होती.

स्थळ मोडलं, असं मी धरूनच चाललो. आणि दुसऱ्या दिवशी होकार आला! कारण सुशीलानेच सांगितलं होतं, "बाकीचे पुरुष अडाकले काय हातपाय झाडतत. ह्यो बघा किती धीराचो! सोडवीपर्यंत जरासुद्धा हललो नाय."

त्यानंतर शाळेच्या भानगडीतून, भाऊबंदकीतून आणि माझ्याच शहाणपणातून तिने मला किती वेळा सोडवलं, याची गणती नाही. तिचे उपकार मी विसरणं शक्य नाही. भिकूमामाचेही नाहीत. त्याने मी लिहिलं होतं तेवढंच केलं असतं, तर मी राक्षस मारून आयुष्यभर ब्रह्मचारी राहिलो असतो!

माझ्या धीराची ती गोष्ट सुशीला अजून सुनांना कौतुकाने सांगते आणि मी शेजारी बसून गंभीरपणे मान डोलावतो. यान डोक्यावर पडल्यापासून मी चक्क बेशुद्ध होतो आणि पुढचं सगळं मला नंतर बाबीकडून कळलं, हे तिला सांगायचा धीर मात्र मला अजून झालेला नाही!